दारबंद

टोपली उचलली आणि पिठावर खरंच काहीतरी उमटलेलं दिसलं. डेर्ल्यांच्या घरात माणूस जिथं जीव सोडतो तिथं त्या रात्री दिवा ठेवतात, शेजारी फरशीवर पीठ सारखं करून पसरतात आणि त्यावर बांबूची टोपली पालथी घालतात. गेलेला जीव एकदा घर बघायला येतो आणि जाताना पिठावर खूण ठेवून जातो, असं मानायचं. सकाळी घरातल्यांनी टोपलीभोवती बसून ती खूण वाचायची. मोहिनी लग्न होऊन आली त्याच वर्षी सासरे रंगनाथराव गेले, तेव्हा तिनं हे पहिल्यांदा पाहिलं होतं. त्या वेळी पिठावर काहीच नव्हतं, तरी सगळ्यांना मुंग्यांची वाट दिसली होती. या वेळी मात्र कुणाच्याही डोळ्यांना दिसावं असं होतं. मधून एक चपटा ओरखडा निघून जरासा वळत कडेला आला होता आणि तिथं पिठाची बारीकशी रास झाली होती. धाकटा दीर कारभारी म्हणाला, पाखराचा पंख घासला असणार. पिंपळगावहून आलेल्या चुलत्यांना सापाची चाल वाटली. सासूबाई, सगुणाबाई, गुडघे धरून वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “दाराकडं गेलाय तो. अडकला नाय कुठं.” खोलीतल्या बायकांनी तेव्हा कुठं मोकळा श्वास घेतला.

मोहिनीची नजर खुणेवर नव्हती, खुणेच्या टोकाला पडलेल्या नवऱ्याच्या, मनोजच्या, फोनवर होती. आदल्या संध्याकाळी सगुणाबाईंनीच टोपलीखाली मुलाचा चष्मा, सुपारीची डबी आणि फोन ठेवला होता. फोन कशाला, असं कुणीतरी म्हणालं, तर म्हणाल्या, जितेपणी हातातून सुटला नाय, आता कशाला ताटातूट करायची. पिंपळगावच्या शीतगृहात यंत्रांच्या घरघरीत काही ऐकू यायचं नाही, म्हणून मनोज फोन कायम थरथरण्यावर ठेवायचा, छातीच्या खिशात. आलेला निरोप पाहिला नाही तर फोननं थोड्या थोड्या वेळानं पुन्हा थरथरावं, अशी सोयही त्यानं बायकोकडून करून घेतली होती. मोहिनीनं फोन उचलला, स्वयंपाकघरात नेला, पदरानं त्याच्या कोपऱ्याचं पीठ पुसलं. एकच निरोप होता. ‘श्री. मनोज रंगनाथ डेर्ले, आपल्या नळजोडणीचे देयक तयार आहे. शहराच्या वाटचालीत आपला सहभाग मोलाचा आहे.’ म्हणजे रात्रभर टोपलीखाली पाणीपट्टी थरथरत होती. तिला आधी हसू आलं, अगदी नको तिथं येतं तसं, आणि मग ती ओट्याला धरून खाली बसली. शहराच्या वाटचालीचं ते वाक्य तिनंच लिहिलेलं होतं.

मोहिनी पालिकेच्या संगणक कक्षाची प्रमुख. प्रमुख म्हणायचं ते आपलं पाटीवर. एके काळी कक्षात खुर्च्या कमी पडायच्या, आता ती आणि यंत्रं उघडून दुरुस्त करणारा संतोष, एवढीच माणसं उरली होती. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, हुशार पोरं पुण्याला पळाली. गेले चार महिने एकच प्रश्न टेबलावर पडून होता: हे सगळं काम आपणच करत राहायचं की बाहेरच्या कंपनीला देऊन मोकळं व्हायचं. कुंभमेळा तोंडावर आलेला. वरच्या साहेबांनी सांगितलं होतं, सल्लागार काय वाटेल ते लिहितील, मला मोहिनीताईंचा अभिप्राय पाहिजे. तिचा अभिप्राय म्हणजेच निर्णय, हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिला जास्तच. कंपनीनं पंचवटीच्या भागात चाचणीही सुरू केली होती, आणि त्यात आपला वॉर्ड घ्या, म्हणजे मला घरबसल्या कळेल, असं तिनंच सुचवलं होतं. जुन्यातली वाक्यं कंपनीनं जशीच्या तशी उचलली होती. फक्त एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. कंपनीची तृप्ती नावाची मुलगी, मनमाडच्या रेल्वेवाल्याची लेक, गेल्याच आठवड्यात विचारून गेली होती, “मॅडम, हे ‘दारबंद’ काय आहे? याच्यामागं कुठला ठराव सापडत नाही. ठेवायचं की काढायचं?” मोहिनी म्हणाली होती, नंतर बोलू. ठराव नव्हताच, तर दाखवणार काय. आणि ते नंतर यायच्या आधीच मनोज सकाळी चहाचा कप हातात असताना भिंतीला टेकला होता.

दारबंदची गोष्ट जुनी. पूर्वी घरपट्टीची, पाणीपट्टीची बिलं माणसं घरोघर वाटायची. गल्लीत शिरल्यावर एखाद्या दारासमोर चपलांचा ढीग दिसला, ओट्यावर डोकी भादरलेली माणसं बसलेली दिसली, की वाटणारा तिथूनच मागं फिरायचा आणि बिलावर शेरा मारायचा, ‘दार बंद’. दार सताड उघडं असायचं. ही थाप सबंध खात्याला ठाऊक होती आणि कुठल्या साहेबानं कधी त्याचा जाब विचारला नाही. मग यंत्रं आली. यंत्राला चपला दिसत नाहीत. पहिल्याच वर्षी पेठकडची एक म्हातारी, तानुबाई, मोहिनीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. नवरा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याच्या नावानं नोटीस आलेली. ती भांडली नाही, रडली नाही. कागद टेबलावर ठेवून तिनं एवढंच विचारलं, “बाई, त्याला कुणी सांगलां नाय का?” त्याला म्हणजे यंत्राला. त्या संध्याकाळी मोहिनीनं कुणाला न विचारता एक नियम घातला: ज्या घरातल्या मृत्यूची नोंद होईल, त्या घरी तेराव्यापर्यंत पालिकेचं काहीही जाणार नाही. बिल नाही, नोटीस नाही, आभारसुद्धा नाहीत. नाव दिलं दारबंद. तिनं आयुष्यात पुष्कळ कामं केली, बक्षिसंही घेतली, पण आपण काही केलं असं तिला मनातून वाटायचं ते याच एका गोष्टीबद्दल. शहरात कुणाच्या तरी घरी रोज असे मुके दिवस चालू असायचे, त्या घराला ते माहीतही नसायचं, आणि घरी जाताना बसमध्ये तिला त्याचं बरं वाटायचं.

आणि आता तिच्याच घरी हे आलं. काढून टाकलं यांनी, ती मनात म्हणाली. विचारायचं नाटक केलं आणि काढून टाकलं. सांत्वनाला माणसं येत होती, सतरंजीवर बसत होती, झालं कसं हे पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि ती कसं झालं हे सांगता सांगता मनात अभिप्राय लिहीत होती. काम बाहेर देऊ नये. शहर म्हणजे काही नुसते आकडे नव्हेत. हैदराबादच्या कुठल्याशा थंड खोलीत बसलेल्या कंपनीच्या यंत्राला नाशिकचं दार काय कळणार. आज चाव्या दिल्या तर उद्या आपल्याच घरात शिरायला त्यांची परवानगी काढावी लागेल. वाक्यामागून वाक्य सुचत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या रागानंच तिला त्या दिवसांत उभं धरलं होतं. दुःखाला कुठं हात लावावा ते कळत नव्हतं, रागाला निदान मूठ होती. अमरधामातून परत आल्यावर कारभारीनं तिथली पावती आणि डॉक्टरांचा दाखला तिच्या हातात दिला होता, “वहिनी, नोंदीचं तेवढं तुमच्याच हापिसातलं काम आहे, तुमच्या हातून चटकन होईल.” तिनं ते दोन्ही कागद पर्समध्ये घालून पर्स कपाटात टाकली होती. त्यांचं पुढं काय करायचं ते शहरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं कपाट उघडलं नाही.

मनोजचा फोन ती रोज चार्ज करून ठेवायची. कशाला, ते तिला सांगता आलं नसतं. कामाच्या माणसांना बातमी कळली होती, जाहिराती त्यानं कधीच बंद करून टाकल्या होत्या, त्यामुळं फोन गप्प पडून असायचा. पण घरातलं बाकी सगळं थरथरायला लागलं होतं. फ्रिज सुरू झाला की तिच्या मानेवर काटा यायचा. शेजाऱ्यांची पाण्याची मोटर, खिडकीच्या काचेला घासणारा वारा, दुपारी आडवं झाल्यावर उशीखाली आपल्याच कानातलं रक्त. ती उठून फोन बघायची. काही नसायचं. मग वाटायचं, यायला पाहिजे होतं. पालिकेतल्या यंत्रांच्या खोलीत एवढी वर्षं काढली, पण हा विचार कधी आला नव्हता: तिथं आत, दिव्यांच्या उघडझापीत, मनोज अजून आहे. त्याचं घर आहे, नळ आहे, मतदानाचं केंद्र आहे. कुणीतरी अजून त्याला श्री. म्हणून हाक मारतंय. दसऱ्याला संतोष त्या यंत्रांना झेंडूची माळ घालायचा, हळदकुंकू लावायचा, आणि ती हसायची. आता तिला त्या बंद दाराच्या खोलीची भीती वाटली, आणि ओढही. तिथं जाऊन बसावं, त्या गार वाऱ्यात, असं वाटत होतं. विधवेनं तेराव्याआधी उंबरा ओलांडायचा नाही म्हणून ती घरात होती, एरवी गेलीच असती.

आठवडा होत आला तेव्हा तृप्तीचा फोन आला. आधी यायला हवं होतं, पण मॅडम, मला धीर होईना, असं काहीबाही ती बोलत होती. मोहिनीनं मध्येच तोडलं आणि थंड आवाजात विचारलं, दारबंद काढायला कोणी सांगितलं. मग तृप्ती म्हणाली, “मॅडम, आम्ही काढलं नाही. बातमी कळली त्या दुपारीच मी तुमच्या वॉर्डातली चाचणी थांबवली. वरच्यांना विचारलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून आमच्याकडून तुमच्या घरी काहीच गेलेलं नाही.” मोहिनीनं विचारलं, मग त्या रात्री गेलं ते. तृप्तीनं थोडा वेळ मागितला, कळा दाबल्याचे आवाज आले, आणि ती अगदी हळू, जणू तिचीच चूक असल्यासारखी म्हणाली, “ते तुमच्या जुन्या सिस्टीममधून गेलंय, मॅडम. सरांची नोंद... नोंद अजून झालेली दिसत नाही.”

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तानुबाई टेबलापाशी येऊन उभी राहिली, तशीच, कागद पुढं करून. यंत्र काही निष्ठुर नव्हतं. त्याला शिकवलं होतं ते ते करायला तयार होतं; फक्त घरचं माणूस गेलं हे घरच्यांनी येऊन सांगायचं होतं आणि घरची तर सांगत नव्हती. ती रागानं लिहिलेली सगळी वाक्यं तिच्या डोळ्यांसमोर एकेक करून विझली आणि खाली जे होतं ते उघडं पडलं. मनोज नव्हता. सकाळी पिंपळगावची बस धरायला निघताना जिन्यात थांबून, किल्ली घेतली का, हे खिसा चापटून बघणारा माणूस नव्हता. मोहिनी त्या दिवशी पहिल्यांदा रडली, स्वयंपाकघराचं दार लोटून, तोंडात पदर कोंबून, कारण बाहेर सासूबाई होत्या आणि त्यांना ऐकू कमी येत असलं तरी बाकीच्यांना येत होतं.

दुसऱ्या दिवशी संतोष भेटायला आला. सतरंजीच्या कडेला बसून राहिला, पाणीही घेतलं नाही. जायला उठला तेव्हा मोहिनीनं कपाट उघडलं आणि पर्समधले दोन्ही कागद त्याच्या हातात ठेवले. त्यानं ते शर्टाच्या आत ठेवले आणि गेला. एरवी नोंद झाली की घरच्यांना तसा निरोप जातो. पण दारबंद तोसुद्धा अडवतं, तिनंच तसं केलेलं. त्यामुळं नोंद झाल्याचं कळायचा एकच मार्ग होता, काहीही न येणं. संध्याकाळी तिला कळलं की झालं. कसं कळलं विचारू नका. फ्रिज चालू झाला आणि तो नुसता फ्रिज होता.

नवव्या दिवशी तिनं अभिप्राय लिहिला. घरातल्या टेबलावर बसून, शांतपणे, दोन्ही पारडी पुन्हा एकदा हातात घेऊन. एकीकडं ती आणि संतोष, म्हातारी होत चाललेली यंत्रं, वीज गेली की खिडकीसमोर तिष्ठत उभी राहणारी माणसं, आणि वर्षभरात लोटणारा तो कुंभाचा लोंढा. हे आपल्याला झेपणार नाही, हे तिला आजवर कबूल करवत नव्हतं, कारण ते कबूल करणं म्हणजे आपलं म्हातारपण कबूल करणं. दुसरीकडं दूरची माणसं, मुदत संपली की निघून जाणारी, ज्यांना मखमलाबादचा रस्ता आणि मखमलाबाद नाका यांतला फरक नकाशातून शिकावा लागणार. आपलं ते आपलं, असं ती इतकी वर्षं म्हणत आली होती. पण तिच्या घरी त्या दुपारी मागं फिरलं कोण? जिनं चपला पाहिल्या ती तर बाहेरची होती. तृप्ती उद्या दुसरी नोकरी धरील, हेही खरं. आणि आपण तरी कुठं कायमच्या आहोत. तिनं लिहिलं, काम बाहेर द्यायला हरकत नाही. नोंदी शहराच्या मालकीच्या राहाव्यात, कक्षात आपली चार तरुण माणसं नेमावीत, आणि करारात दारबंदचा नियम शब्दशः असावा. नियमाचं कारण लिहायच्या जागी ती अडली. ठराव नव्हताच. शेवटी तिनं लिहिलं, ‘घरात माणूस गेलं असेल तर आपण दारातून मागे फिरतो.’ साहेबांना पाठवून दिलं, नियमाचं वाक्य तृप्तीलाही. तृप्तीचं लगेच उत्तर आलं, एवढंच कारण पुरेल, मॅडम. मोहिनीला वाटलं होतं की हे हातातून गेल्यावर आपलं काहीतरी तुटेल. तसं झालं नाही. हात नुसते रिकामे वाटले, आणि तेही नवं नव्हतं.

दहाव्याचं रामकुंडावर झालं. कावळ्यानं फार वेळ घेतला नाही. संध्याकाळी चुलते पिंपळगावला परतले, कारभारी दमून लवकर झोपला, आणि सगुणाबाईंनी पुन्हा पीठ मागितलं. दहाव्याला एकदा परत बघतात, म्हणाल्या, खरंच सुटला का ते कळतं. त्यांनी स्वतःच्या हातानं पीठ पसरलं, तळव्यानं सारखं केलं, चष्मा ठेवला, डबी ठेवली, आणि हात पुढं केला. मोहिनीनं फोन दिला. टोपली पालथी पडली. सासूबाई रोजच्यासारख्या तिथंच, दिव्यापाशी, फरशीवर चटई टाकून आडव्या झाल्या. मोहिनी टोपलीकडं बघत उभी राहिली. आता काही येणार नव्हतं. तिनंच तर सगळं मुकं केलं होतं. सकाळी टोपली उचलतील, पीठ कोरं दिसेल, आणि या बाईला वाटेल की माझा लेक कुठंतरी अडकला, किंवा आलाच नाही. सासऱ्यांच्या वेळी मुंग्यांची वाट दिसायला घर भरून माणसं होती. उद्या पहाटे टोपलीपाशी त्या दोघीच असणार, आणि खरं बघायला एवढी माणसं पुष्कळ झाली.

उजाडायच्या जरा आधी ती उठून स्वयंपाकघरात आली. चहाचं आधण ठेवलं. खिडकीतून भाजीचे टेम्पो बाजार समितीकडं जाताना ऐकू येत होते. वाटप करणारी ती जुनी माणसं तिला आठवली, उघड्या दारासमोर उभं राहून दार बंद लिहिणारी. त्यांना थाप मारताना काही वाटलं असेल का? तिनं आपला फोन घेतला आणि मनोजचं नाव दाबलं. पडद्यावर त्याचा फोटो आला, शीतगृहातला, डोक्यावर कानटोपी, मागं द्राक्षांच्या पेट्या. बाहेरच्या खोलीतून तो आवाज आला. दबका, पिठात रुतलेला, घूं करून थांबणारा, पुन्हा घूं करणारा. तिला वाटलं होतं, एकदोनदा वाजू द्यावं आणि कापावं. कापवेना. कुणीतरी उचलेल अशी आशा नव्हती, एवढी वेडी ती झाली नव्हती. पण वाजत होतं तोवर कुठंतरी पोचत होतं. आपोआप बंद पडलं. तिनं पुन्हा लावलं.

दारात सगुणाबाई उभ्या होत्या. हात चौकटीला, पदर डोक्यावर. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मोहिनीनं फोन लपवायचा प्रयत्नही केला नाही.

“फरशीला कान होता माझा,” सगुणाबाई म्हणाल्या. “पहिल्या दिवशीबी असाच वाजला व्हता. मी जागीच व्हते.”

मग दाराकडं गेलाय असं का म्हणालात, मोहिनीनं विचारलं.

“तू मागं उभी व्हतीस,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडं बघून म्हनले.”

बाहेर फोन अजून थरथरत होता. म्हातारी पुढं आली, तिनं मोहिनीच्या हातावर हात ठेवला, आणि लहान मुलाला खेळ आवरायला सांगावं तशी म्हणाली, “बास कर आता. पोचलं त्याला.”

मोहिनीनं फोन बंद केला. घर गप्प झालं. आधण उकळून अर्धं झालं होतं. तिनं त्यात थोडं पाणी वाढवलं आणि दोन कप काढले.